दहावीनंतर काम धरण्याआधी: वय, काम, वेळ, जागा, कागद, याच क्रमाने

दहावीची परीक्षा संपली की अकरावीचं कॉलेज सुरू होईपर्यंत मुलांच्या हातात मोकळे महिने असतात. कोणी कपड्याच्या दुकानात उभं राहतं, कोणी केटरिंगला जातं, कोकणात कोणी आंब्याच्या पेट्या भरतं, तर पेणला कोणी गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला बसतं. काम करण्यात वावगं काहीच नाही. घोळ होतो तो क्रमात. आधी पगार ठरतो, दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर जातो, आठवड्याने मालक आधार कार्डाची झेरॉक्स मागतो आणि किती ते किती काम, सुट्टी कधी, कोणत्या मशीनला हात लावायचा नाही हे विषय कोणी काढतच नाही.

हा लेख १४ पूर्ण झालेल्या पण १८ पूर्ण न झालेल्या मुलामुलींसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्या दुकानदारांसाठी आहे. मुख्य कायदा बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, १९८६. २०१६ साली त्यात मोठे बदल झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी हा कायदा त्यांत विलीन झालेला नाही. तो आजही स्वतंत्रपणे लागू आहे.

## टप्पा १: वय कागदावर मोजा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण आपण वय बोलताना ‘लागलेलं’ सांगतो. ‘चौदावं लागलं’ म्हणजे १३ पूर्ण. ‘अठरावं चालू आहे’ म्हणजे १७ पूर्ण. कायदा पूर्ण झालेलं वय धरतो. २० मे रोजी १४ पूर्ण होणाऱ्या मुलाला १ मेपासून दुकानात बसवलं, तर ते १९ दिवस सरळ बालमजुरी ठरतात.

वयाचे तीन गट पडतात:

- १४ पूर्ण नाहीत: बालक. कुठल्याही कामावर ठेवता येत नाही.
- १४ पूर्ण, १८ अपूर्ण: किशोरवयीन. धोकादायक कामं सोडून इतर काम करता येतं, पण खाली दिलेल्या वेळेच्या अटी पाळून.
- १८ पूर्ण: या कायद्याच्या दृष्टीने प्रौढ.

१४ खालच्या मुलांसाठी दोनच सवलती आहेत. एक, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात हातभार लावणं. दुसरी, चित्रपट, मालिका, जाहिरात यांत कलाकार म्हणून काम करणं. या दुसरीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीपासून वेगळ्या अटी आहेत, तो या लेखाचा विषय नाही.

घरचा धंदा म्हणजे कोणाचा, हे नीट समजून घ्या. आई, वडील, सख्खे भाऊबहीण, काका, आत्या, मामा, मावशी इथपर्यंतच कायद्याचं ‘कुटुंब’ जातं. वडिलांचे मित्र, शेजारी, गावकीतले लांबचे नातलग त्यात बसत नाहीत. शिवाय घरचा ढाबा किंवा हॉटेल असेल, तर १४ खालच्या मुलाला तिथेही कामाला लावता येत नाही. ‘आमचंच आहे की’ हे उत्तर तिथे चालत नाही.

वयासाठी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा. आधार कार्ड ओळख पटवायला ठीक आहे, जन्मतारखेचा वाद झाला तर त्यावर विसंबू नका.

इशारा: मूळ दाखला कोणालाही ठेवायला देऊ नका. अकरावीच्या प्रवेशाला तोच लागतो, आणि ‘दाखला माझ्याकडे आहे’ हीच मुलाला अडकवून ठेवायची सर्वात सोपी युक्ती असते. झेरॉक्स द्या, तिच्यावर तारीख आणि ‘फक्त अमुक दुकानातील कामासाठी’ असं आडवं लिहून सही करा.

## टप्पा २: दुकान कसलं हे नको, हाताने काय करायचं ते विचारा

‘कारखान्यात आहे’, ‘गोदामात आहे’ एवढ्यावर होकार देऊ नका. मुलगा दिवसभर नेमकं काय करणार, हे क्रियापदांत विचारा. उचलणार? कापणार? तळणार? वायर जोडणार? मोजणार? लिहिणार? कायद्याच्या परिशिष्टात किशोरवयीनांना बंद असलेल्या कामांची यादी आहे आणि ती आपल्या रोजच्या समजुतीपेक्षा बरीच लांब आहे. आपल्याकडे नेहमी येणारी काही कामं:

- खाण, दगडखाण, दगड फोडणं-घासणं, वीटभट्टी
- फटाक्यांचं उत्पादन, साठवण आणि विक्री. दिवाळीतला फटाक्यांचा स्टॉलही यात आला
- ज्वालाग्राही पदार्थ हाताळावे लागतील असं काम. पेट्रोल पंपावरचं काम याच कारणाने टाळा
- इलेक्ट्रोप्लेटिंग, धातूचं ग्राइंडिंग
- यांत्रिक मासेमारी
- लाकडाची चढ-उतार
- अन्नप्रक्रिया आणि पेयांचे कारखाने
- गोदामाचं काम

शेवटच्या दोन नोंदी लोकांना ठाऊकच नसतात. रत्नागिरीकडे बागेच्या शेडमध्ये बसून आंबा निवडणं, पेंढा घालून पेटी भरणं हे १५-१६ वर्षांच्या मुलाला जमण्यासारखं आणि कायद्यात बसणारं काम आहे. तोच आंबा रस काढून डबाबंद करणाऱ्या कॅनिंगच्या कारखान्यात गेला की तिथलं काम अन्नप्रक्रियेत मोडतं आणि त्याला बंद होतं. फळ एक, हंगाम एक, गावही एक, पण पहिल्या जागी हो आणि दुसऱ्या जागी नाही. भिवंडीच्या बाजूला ऑनलाइन मालाची मोठमोठी गोदामं आहेत. तिथे १७ वर्षांच्या मुलाला ‘फक्त पॅकिंग’ म्हणून घेतात, पण पॅकिंग केलं तरी ते गोदामच.

गणपतीच्या कारखान्याचंही तसंच आहे. पाण्यात कालवलेल्या रंगाने ब्रश घेऊन धोतर-शेला रंगवणं, हात बसला असेल तर डोळ्यांची आखणी करणं, ही कामं चालतील. थिनरमध्ये रंग पातळ करून स्प्रे गनने मारणं चालणार नाही. थिनर पेट घेतो, त्याची वाफ बंद शेडमध्ये साचते आणि साधा कापडी रुमाल ती वाफ अडवत नाही. पीओपी घासतानाच्या धुळीपासूनही मुलांना दूर बसवा.

शेतकामात फवारणीला ठाम नकार द्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ती माणसं अनुभवी होती.

डिलिव्हरीबद्दल वेगळं सांगावं लागतं. १६ व्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या दुचाकीचा असतो, त्यामुळे दुकानाची नेहमीची स्कूटर त्यावर चालवता येत नाही. १८ खालच्या मुलाने तशी गाडी चालवून गुन्हा घडला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक यांना ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ पर्यंत परवाना मिळत नाही. ‘इथेच तर आहे, दोन गल्ल्या’ असं मालक म्हणाला की सायकलने किंवा पायी जाईन म्हणा.

तपासा: मालकाने सांगितलेलं काम एका ओळीत लिहून दाखवता येतं का? ‘पडेल ते काम’ असं उत्तर आलं, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ३: वेळ बसवा

किशोरवयीनांसाठी वेळेचे नियम असे:

1. सकाळी ८ च्या आधी नाही, संध्याकाळी ७ नंतर नाही.
2. सलग ३ तासांपेक्षा जास्त काम नाही. त्यानंतर किमान १ तास विश्रांती.
3. आल्यापासून जाईपर्यंतचा सगळा वेळ, विश्रांती आणि कामाची वाट पाहत बसणं धरून, ६ तासांच्या आत.
4. ओव्हरटाइम नाही.
5. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही.
6. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. वार ठरलेला आणि दुकानात लावलेला. तो ३ महिन्यांतून एकदाच बदलता येतो.

दुसरा आणि तिसरा नियम एकत्र वाचले की हिशेब उघड होतो: ६ तासांतला १ तास विश्रांतीचा गेला की प्रत्यक्ष काम जास्तीत जास्त ५ तास. मोठ्यांच्या ८ तासांच्या पाळीत मुलाला बसवून ‘अर्धा तास लवकर जा’ म्हणणं नियमात बसत नाही.

सुट्टीत चालणारं एक वेळापत्रक: १० ते १ काम, १ ते २ जेवण, २ ते ४ काम. सकाळचं कॉलेज असलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी: १ ते ४ काम, ४ ते ५ विश्रांती, ५ ते ७ काम. कपड्याच्या दुकानात गिऱ्हाईक संध्याकाळी वाढतं, म्हणून मालकाला ५ ते १० हवं असतं. त्याला हे दुसरं वेळापत्रक लिहून द्या. संध्याकाळचे दोन तास त्याला मिळतात आणि नियमही मोडत नाही. बरेच दुकानदार हे ऐकून तयार होतात, कारण असं काही बसवता येतं हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

केटरिंगवाल्यांशी मात्र इथेच फाटतं. लग्नसराईत रिसेप्शन ७ ला सुरू होतं आणि भांडी आवरेपर्यंत रात्रीचे बारा वाजतात. १७ वर्षांच्या मुलाला ते काम करता येत नाही, रोज कितीही मिळत असला तरी. दुपारच्या मुहूर्ताची पंगत असेल आणि ८ नंतर बोलावलं, ६ तासांत सोडलं, तरच हो म्हणा. सकाळी मुंजीचं जेवण आणि दुपारनंतर दुसऱ्या ठेकेदाराकडे वाढपी, हेही पाचव्या नियमात अडकतं.

इशारा: ‘सातला सोडतो’ आणि ‘सातला शटर ओढायला सुरुवात करतो’ यात रोज पाऊण तास जातो. निघायची वेळ म्हणजे दुकानाबाहेर पाय पडायची वेळ, हे पहिल्याच दिवशी बोला.

## टप्पा ४: जागा स्वतः पाहून या

आईवडिलांपैकी एकाने कामाच्या वेळेत, गर्दी असताना जाऊन यावं. सकाळी झाडलोट झाल्यावर सगळ्याच जागा नीटनेटक्या दिसतात. पंधरा मिनिटं उभं राहिलं तरी पुष्कळ कळतं.

वर पाहा. किराणा आणि कपड्यांच्या दुकानांत माळा असतो, आणि माळ्यावरचा माल काढायला नेहमी सगळ्यात लहान, सगळ्यात हलक्या मुलालाच चढवतात. शिडी भिंतीला टेकवलेली आहे की स्टुलावर स्टूल ठेवलं आहे? खाली धरायला कोणी असतं का? माळ्याला कठडा आहे का? धड शिडी किंवा धरायला आधार नसताना चढायचं असेल तर ते काम मुलाला द्यायचं नाही, हे मालकाशी तिथेच ठरवा.

खाली पाहा. स्वयंपाकघराची फरशी तेलकट आहे का, कढई वाटेत आहे का, सिलिंडर शेगडीला किती चिकटून आहे. डोसा-इडलीच्या हॉटेलात ओला ग्राइंडर असतो. पीठ चमच्याने ढकलायच्या ऐवजी हात घातला जातो, आणि बांगडी, मनगटातला दोरा, ओढणीचं टोक, लांब बाही यांपैकी काहीतरी फिरत्या दगडात ओढलं जातं. मशीन बंद करून, प्लग काढून मगच साफसफाई, याला अपवाद नाही. पाव कापायचं मशीन, उसाचा चरक, बर्फ फोडायचं मशीन यांना १८ खालच्यांनी हातच लावू नये असं माझं मत आहे.

बाहेर पडायची वाट पाहा. एकच दार आणि ते खोक्यांनी अर्धं बुजलेलं असेल, तर आग लागल्यावर मुलं मागच्या बाजूला अडकतात. मागचं दार असेल तर त्याला कुलूप आहे का आणि किल्ली कोणाकडे असते, ते विचारा.

मग तीन साध्या गोष्टी: प्यायचं पाणी, वापरण्याजोगं स्वच्छतागृह आणि बसायला काहीतरी. मुलींसाठी स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, हे आईने स्वतः जाऊन पाहावं. टॉयलेट साफ करायचं ॲसिड बिसलेरीच्या बाटलीत भरून ठेवलेलं दिसलं, तर ती जागा सोडून द्या. तिथे बाकीचंही असंच असतं.

तपासा: प्रथमोपचाराची पेटी उघडून दाखवायला सांगा. आत काय आहे यापेक्षा ती कोणाला सापडते का, हे पाहा.

## टप्पा ५: कागद आणि पैसे

आता पगाराचं बोला. एका साध्या कागदावर दुकानाचं नाव, कामाचं वर्णन (टप्पा २ मधली ती एक ओळ), वेळ, विश्रांती, सुट्टीचा वार, पगार आणि तो द्यायची तारीख लिहा. मालकाची आणि पालकाची सही घ्या, एक प्रत घरी ठेवा. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून ‘ओके’ घेतलं तरी काहीच नसण्यापेक्षा बरं.

‘सहा महिने सोडणार नाही’ अशा बाँडवर मुलाची सही घेतात. १८ खालच्या व्यक्तीने केलेल्या कराराला भारतीय करार कायद्याने किंमत नाही. मुलाने सही केली असली तरी घाबरू नका, आणि पालक म्हणून तुम्ही स्वतः त्यावर सही करू नका. अनामत रक्कम, गणवेशाचे पैसे आधी भरा, पहिला पगार अडकवून ठेवतो, या तिन्हीला नकार.

पैसे शक्यतो मुलाच्या खात्यात घ्या. १० वर्षांवरील मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँका उघडून देतात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा. फुटलेल्या बरणीचे पैसे परस्पर कापता येत नाहीत. नुकसान मुलाच्या हयगयीनेच झालं असेल आणि त्याला आपली बाजू मांडू दिली असेल, तरच कपात होते. १५ खालच्यांना तर दंड लावताच येत नाही.

मालकांनी करायचं ते असं. किशोरवयीन मुलगा कामावर घेतल्यापासून ३० दिवसांत निरीक्षकाला लेखी कळवायचं. त्यात आस्थापनेचं नाव-ठिकाण, व्यवस्थापकाचं नाव, पत्रव्यवहाराचा पत्ता आणि कामाचं स्वरूप हवं. हे कुठे द्यायचं ते जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. एक नोंदवही ठेवायची: नाव, जन्मतारीख, कामाची वेळ, विश्रांती, कामाचं स्वरूप. ही वही रोज भरा. तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेली वही लगेच ओळखू येते. १४ खालच्या मुलाला कामावर ठेवलं किंवा किशोरवयीनाला धोकादायक कामाला लावलं, तर ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय कारवाई करू शकतात.

## टप्पा ६: पहिला आठवडा

पहिल्या दिवशी मुलाने फक्त पाहायचं आणि विचारायचं. मेन स्विच कुठे, मालक नसताना कोणाला विचारायचं, लागलं-खुपलं तर कोणता दवाखाना. घरचे दोन मोबाइल नंबर तोंडपाठ हवेत, कारण बऱ्याच ठिकाणी फोन गल्ल्यात जमा करून घेतात.

एका छोट्या वहीत रोज तीन गोष्टी लिहा: आलो किती वाजता, निघालो किती वाजता, काय काम केलं. पगाराचा वाद झाला, अपघात झाला, तर हीच वही उपयोगी पडते. आठव्या दिवशी आईवडिलांनी ती टप्पा २ आणि ३ शी ताडून पाहावी. काम हळूहळू सरकतं. पहिल्या दिवशी घड्या घालणारा मुलगा आठवड्याने माळ्यावर असतो आणि पंधरवड्याने स्कूटरवर, आणि यातलं काहीच कोणी मुद्दाम ठरवलेलं नसतं.

इशारा: मुलगा घरी येऊन काही बोलत नसेल तर ‘कंटाळा करतोय’ असं धरून चालू नका. जेवताना हात पाहा. भाजल्याचे, कापल्याचे व्रण मुलं लपवतात, काम जाईल म्हणून.

## टप्पा ७: काही बिघडलं तर

अपघात झाला तर आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर. डॉक्टरांना ‘कामावर लागलं’ असंच सांगा आणि केसपेपरवर तसं लिहून घ्या. ‘घरात पडलो म्हण, खर्च मी करतो’ असं मालक म्हणतो आणि घरचेही भिडेखातर मान डोलावतात. पण एकदा कागदावर ‘घरी पडला’ आलं की भरपाईचा रस्ता फार अवघड होतो. वय १८ पेक्षा कमी आहे म्हणून कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा हक्क जात नाही. आणि मालकानेच नियम मोडून कामावर ठेवलं असेल, तर अंगाशी येईल ते त्याच्या, मुलाच्या नव्हे.

कोणी नको तिथे हात लावला, घाणेरडं बोललं, मोबाइलवर काही दाखवलं, तर त्या दिवसापासून काम बंद. मुलगा असो वा मुलगी, १८ खालच्यांना २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो, आणि असा प्रकार कळलेल्या मोठ्या माणसावर पोलिसांना कळवण्याचं कायदेशीर बंधन आहे. मालकाशी ‘मिटवून’ टाकायचा हा विषय नाही.

तक्रारीसाठी १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकट नंबर आहे, तातडीला ११२. बालमजुरीची तक्रार केंद्र सरकारच्या पेन्सिल पोर्टलवरही करता येते. मुलाला डांबून ठेवून काम करून घेतलं किंवा त्याची कमाई अडकवून ठेवली, तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७९ खाली ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड आहे. पैसे मागायला गेल्यावर हे कलम शांतपणे सांगितलं तरी पुष्कळदा पाकीट बाहेर येतं.

कॉलेज सुरू झालं की काम सोडायचं असेल, तर तारीख आठवडाभर आधी लेखी कळवा आणि त्या दिवसापर्यंतचा हिशेब वहीवरून स्वतः करून न्या. सोडल्यापासून कामाच्या दोन दिवसांत उरलेले पैसे मिळायला हवेत. काम चालूच ठेवायचं असेल, तर जुन्या वेळा तशाच ओढू नका. कॉलेजचं वेळापत्रक हातात आल्यावर टप्पा ३ पुन्हा करा आणि नव्या वेळांवर मालकाची पुन्हा सही घ्या.